मंगळाची कक्षा: दोऱ्याचा नाद सोडला

प्लायवर मंगळाची कक्षा अखेर मनासारखी उतरली. प्रमाण धरलंय १ खगोलीय एककाला (पृथ्वी-सूर्य सरासरी अंतराला) २० सेंमी. अर्धा दीर्घाक्ष १.५२४ एकक, म्हणजे ३०.५ सेंमी. उत्केंद्रता (कक्षा वर्तुळापासून किती ढळली आहे त्याचं माप) ०.०९३४, म्हणून लंबवर्तुळाच्या दोन नाभींमधलं अंतर ५.७ सेंमी. त्यातल्या एका नाभीवर सूर्य.

आधी नेहमीसारखे नाभींवर दोन खिळे, दोऱ्याचा फास आणि पेन्सिल. तीनदा काढलं, तिन्ही वेळा रेघ फिरून सुरुवातीला जुळेना. दोन-दोन मिलिमीटर चुकायची. गोधडीचा दोरा ताणला की लांबतो. आणि या कक्षेचा लघुअक्ष दीर्घाक्षापेक्षा कमी आहे तो अवघा २.७ मिमी, तोही ६१ सेंमीच्या आकृतीत! दोऱ्याची चूक लंबवर्तुळाचा चपटेपणाच गिळून टाकत होती.

मग सूत्र घेतलं. उपसूर्य बिंदूपासून (कक्षेतल्या सूर्याच्या सर्वात जवळच्या जागेपासून) सूर्यापाशी कोन मोजायचा, त्याच्या कोसाइनला ०.०९३४ ने गुणून त्यात १ मिळवायचा, आणि ३०.२ ला (अर्धा दीर्घाक्ष गुणिले १ वजा उत्केंद्रतेचा वर्ग) त्याने भागायचं. सूर्यापासूनचं अंतर सेंटिमीटरमध्ये मिळतं. दर दहा अंशांवर एक, अशा ३६ टाचण्या. उपसूर्य २७.६ सेंमीवर, अपसूर्य (सर्वात लांबची जागा) ३३.३ वर.

टाचण्या जोडल्या तर डोळ्याला वर्तुळच दिसतं! सूर्याचा खिळा मात्र मध्यापासून जवळजवळ तीन सेंमी बाजूला. पुस्तकातल्या लांबट आकृतीमुळे इतकी वर्षं माझं लक्ष चपटेपणाकडेच होतं. खगोलनिरीक्षक टायको ब्राहेच्या नोंदींशी ८ कलांचा (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) फरक पडतो म्हणून केपलरने वर्तुळ सोडलं (१६०९ साली ते छापलं). ८ कला म्हणजे पौर्णिमेच्या चंद्राच्या रुंदीचा पाव भाग, आणि तेही दुर्बिणीआधीचं निरीक्षण. टाचण्या टोचताना त्या माणसांबद्दलचा आदर फार वाढला.

पृथ्वीची कक्षा सरळ कंपासने काढली. केंद्र सूर्यापासून ३.३ मिमी सरकवलं की झालं. तिचा चपटेपणा पेन्सिलच्या रेघेतच मावतो. दोन्ही कक्षांच्या उपसूर्याच्या दिशा मात्र वेगळ्या ठेवायच्या: वसंत संपाताच्या दिशेपासून (रेखांश मोजायच्या आरंभदिशेपासून) मोजून पृथ्वीची १०३ अंश, मंगळाची ३३६.

मग पट्टी लावली. २७ ऑगस्ट २००३ ला मंगळ पृथ्वीच्या अगदी जवळ आला होता, त्या जागी दोन कक्षांमधलं अंतर साडेसात सेंमी, म्हणजे ५.५८ कोटी किमी. समोरच्या बाजूला, मार्च २०१२ च्या जागी, साडेतेरा. जानेवारी २०२५ मध्ये मंगळ दुर्बिणीत इतका बारीक का दिसला, ते इथे उघड दिसतं: जवळपास तेरा सेंमी.

पुढे बुध घेणार आहे. सप्टेंबर २०३५ च्या मंगळाच्या प्रतियुतीच्या (पृथ्वीवरून मंगळ सूर्याच्या बरोबर विरुद्ध दिशेला दिसण्याच्या) जागी आताच लाल टाचणी टोचून ठेवली आहे. तिथे पट्टीवर ७.६ सेंमी येतात.