तुम्ही विचारलंत म्हणून : डायोड का नाही लावत?

"काका, डायोड चार रुपयांना मिळतो. मग हा दगड कशाला?"

हा प्रश्न मला सोसायटीच्या गच्चीवर भेटलाय, लग्नाच्या पंगतीत भेटलाय, आणि एकदा दाताच्या डॉक्टरांनी, मला तोंड मिटता येत नव्हतं अशा वेळी, विचारलाय. विचारणारे सगळे जाणकार. क्रिस्टल सेट म्हणजे बॅटरीशिवाय, दगडाच्या स्फटिकावर वाजणारा रेडिओ, आणि त्यात दगड काय किंवा डायोड काय, काम एकच, वीज एकाच अंगाने जाऊ देणं, हे त्यांना सांगावं लागत नाही. उलट तेच मला सांगतात. तर पुन्हा विचारलंत म्हणून एकदाचं लिहूनच टाकतो.

आधी त्या चार रुपयांचं बघू. चार रुपयांना मिळतो तो सिलिकॉनचा डायोड. त्याला जाग यायलाच 0.6 व्होल्टच्या आसपास लागतात. आपल्या सेटला ना सेल, ना प्लग. गच्चीवरच्या तारेत जेवढं आभाळातून उतरेल तेवढंच भांडवल. तेवढ्यावर हा गडी कूससुद्धा बदलत नाही. लागतो जर्मेनियमचा, ओए-79 सारखा, काचेच्या नळीतला. तो पुष्कळ कमी व्होल्टवर कामाला लागतो. पण हल्ली जर्मेनियमच्या नावाखाली घरपोच जे येतं ते पुष्कळदा भलतंच असतं.

बघा, दर वेळी मी इथवर येऊन थांबतो आणि समोरच्याला वाटतं, उत्तर मिळालं. ही पळवाट आहे. माझ्या टेबलाच्या खणात, होमिओपॅथीच्या गोळ्यांच्या बाटलीत, सात ओए-79 पडून आहेत. अस्सल. म्हणजे प्रश्न जिथल्या तिथे.

पूर्वी मी जगदीशचंद्र बोसांना पुढे करायचो. गॅलेनाच्या, म्हणजे याच दगडाच्या, डिटेक्टरसाठी (रेडिओलहर पकडणारा भाग) त्यांनी 1901 मध्ये अमेरिकेत अर्ज केला, 1904 मध्ये पेटंट मिळालं, ट्रान्झिस्टर तर थेट 1947 चा, वगैरे. यातलं अक्षर न् अक्षर खरं आहे. पण बोसांसाठी कोणी रात्री अकरा वाजता टेबलाशी मान मोडून बसत नाही. मग म्हणायला लागलो की दगडाचा आवाज गोड असतो. हे साफ खोटं. एकाच कॉइलवर दोन्ही जोडून, बायकोच्या हाती स्विच देऊन, डोळे मिटून ऐकलंय मी. दहापैकी पाचदा चुकलो. म्हणजे छापा-काटा केला असता तरी तेच. शिवाय डायोड एकदा लावला की लावला. दगडाचं तसं नाही, खालच्या मजल्यावर कुणी दार आपटलं की स्टेशन गेलं.

दगड म्हणजे गॅलेना, शिशाचं सल्फाइड. इंदूरात तो शोधायला प्रयोगशाळेत जावं लागत नाही. सियागंजात पंसाऱ्याकडे 'सुरमे का पत्थर' मागितला की पुडीत बांधून देतो. दर वेळी गॅलेनाच निघेल असं नाही, पण माझं आजवर भागलंय. काळा, हाताला नको इतका जड, आणि फोडला की चौकोनी तुकडे पडतात, फासेच जणू, पाठी आरशासारख्या. (हात धुवा. शिसं आहे. आमच्याकडे त्याला स्वयंपाकघरात येण्याची बंदी आहे, आणि तो कायदा मी केलेला नाही.)

त्या आरशावर तारेचं टोक टेकवायचं. माझी तार सतारीच्या जोडीची, ब्राँझची, घासून निमुळती केलेली. जोर दिला तर वीज जाता-येता सारखीच वाहते, म्हणजे डिटेक्टर मेला. अधांतरी राहिली तर प्रश्नच मिटला. माशी बसते तितकंच टेकवायचं, आणि तेही आपण म्हणू तिथे नाही. दगडात कुठे काय भेसळ आहे ते त्यालाच ठाऊक. एका ठिपक्यावर वीज एकाच अंगाने सहज जाते, केसभर सरकलं की नाही. मी डाव्या हाताने टोक सरकवतो आणि उजव्या हाताने अँटेनाच्या तारेजवळ गॅसचा लायटर कट्कट् दाबतो. ठिणगी उडाली की रेडिओलहर निघतेच. जागा जिवंत असेल तर हेडफोनमध्ये 'कट्' येतं. नसेल तर आतून फक्त, "अहो, लायटर कुठाय?"

हे सगळं मला आवडतं, पण ते उत्तर नाही. उत्तर 1983 मधलं आहे.

आजोबा मिलमध्ये वायरमन होते. इंदूरला आकाशवाणी 1955 मध्ये सुरू झाली, त्या साली रामबागेतल्या वाड्यात त्यांनी पहिला सेट केला. फ्यूज गेलेल्या बल्बची पितळी टोपी म्हणजे वाटी, तिच्यात सिगारेटच्या पाकिटातली चांदी ठासून बसवलेला दगड. पुढे घरात ट्रान्झिस्टर आला तरी संध्याकाळी आकाशवाणीवरच्या नंदाजी-भेराजींच्या माळवी गप्पा ते त्या सेटवरच ऐकायचे, एक कान माझ्याकडे देऊन. म्हणजे हेडफोनचा. सेट कुरकुरला की करंगळीने टोक उचलायचे, पुन्हा टेकवायचे. बोलणं चालू, करंगळीचं काम चालू.

मी नववीत असताना शाळेत विज्ञान प्रदर्शन होतं. मी आजोबांचा दगड मागितला, त्यांनी वाटीसकट दिला. बाकी सगळं माझं : पुठ्ठ्याच्या नळीवर सत्तर वेढ्यांचं कॉइल, मेलेल्या मर्फी रेडिओतला, स्टेशन लावायचा गँग कंडेन्सर, महूच्या भंगारातून आणलेला 2000 ओहमचा लष्करी हेडफोन. अँटेना गॅलरीतून झाडाला, अर्थिंग नळाच्या लोखंडी पाइपाला. (आता प्लॅस्टिकच्या पाइपांनी ती सोयही घालवली, पण ते रडगाणं पुन्हा कधी.) घरी 648 किलोहर्ट्झवर इंदूर खणखणीत लागायचं.

आदल्या दिवशी शाळेत मांडणी केली आणि सगळं कोसळलं. बाक डुगडुगत होता. वर्गात चाळीस पोरं धावत होती. जागा सापडायला पंधरा मिनिटं आणि जायला एक धक्का. सर येऊन उभे राहिले, घड्याळाकडे बघितलं आणि म्हणाले, "परीक्षकांना पंधरा मिनिटं थांबवणार का रे?" त्यांचं चुकलं असं मी आजही म्हणणार नाही.

संध्याकाळी सायकल काढून महाराणी रोडला गेलो आणि एक ओए-79 घेतला. रात्री फळी उलटी केली आणि डायोड कॉइल नि हेडफोनच्या मध्ये डकवला. पण नुसतं तेवढ्याने भागत नव्हतं. वर तार दगडावर भलत्या जागी टेकली असती तर तिनेच डायोडवर पाणी फिरवलं असतं. म्हणून वाटीकडे जाणारी तार खालच्या बाजूने कापली. वरून मेणबत्तीचं मेण ओतलं. हे मुद्दाम सांगतोय, कारण 'लहान होतो, घाबरलो, झालं' असं मी स्वतःला बरीच वर्षं सांगत होतो. घाबरलेलं पोर तार कापत नाही. मी सर्किटचा नीट विचार करून लबाडी केली होती.

दुसऱ्या दिवशी परीक्षकांसमोर दगडावर टोक फिरवलं. इकडे, तिकडे, कपाळाला आठ्या. मग योग्य वेळी गँग फिरवला आणि चेहरा उजळवला. गाणं लागलं होतंच. एकांनी विचारलं, "हा दगड कुठला?" मी लगेच बोस सुरू केले. पहिलं बक्षीस मिळालं, कंपासपेटी.

दुपारी आजोबा आले. पहिल्या पाळीहून थेट, हातात डबा. पोरांच्या रांगेत उभे राहिले, मी पुढे बोलावलं तरी आले नाहीत. नंबर आल्यावर टोपी काढून बाकावर ठेवली आणि हेडफोन चढवला. ऐकताना त्यांची मान हलत होती. मग करंगळी गेली. सवयच ती. टोक उचललं.

गाणं चालूच होतं.

मला ते दिसलं. टोक दगडाच्या वर अर्धा बोट अधांतरी, करंगळी तशीच वाकडी, आणि हेडफोनमधून बारीक गाणं. मान हलायची थांबली होती. किती वेळ, मोजला नाही. मग त्यांनी टोक अलगद खाली आणलं, बरोबर त्याच जागी टेकवलं, आणि जणू आता नीट लागलं असं दाखवत गँग जरासा फिरवला. सरांकडे बघून म्हणाले, "छान लागलंय." हेडफोन काढून मागच्या पोराच्या हातात दिला.

घरी जाताना कृष्णपुऱ्याच्या पुलावर त्यांनी विचारलं, "डायोड कितीला मिळाला?"

"दीड रुपया."

"बरं," म्हणाले.

एवढंच. रागावले नाहीत, उपदेश नाही, घरी कुणाला सांगितलं नाही. त्या रात्री पोटभर जेवले. मी जेवलो नाही, आणि आईला वाटलं बक्षिसाच्या आनंदाने.

नववीतल्या त्या पोराशी माझं अजून भांडण चालू असतं, आणि तो काही बावळट नाही. तो म्हणतो, सिद्धांत तर तोच होता ना? ओए-79 फोडून बघा, आत काय असतं? जर्मेनियमचा कण आणि त्यावर टेकलेली बारीक तार. दगड आणि टोकच की, फक्त कारखान्यात जागा पक्की करून काचेत बंद केलेलं. मी म्हणतो, बरोबर. मग तो म्हणतो, परीक्षकांना जे ऐकवायचं ते ऐकवलं, दगडावरही तेच गाणं लागलं असतं. तेही बरोबर. मग मी म्हणतो, जागा सापडल्याचा चेहरा का केलास? यावर तो गप्प बसतो. पण हरल्यासारखा नाही. कंटाळल्यासारखा.

नंतर मी कॉलेजात असताना आजोबा गेले. मधल्या काळात मी कितीतरी सेट केले, सगळे दगडावर. ते ऐकायचे, 'छान' म्हणायचे. टोकाला मात्र त्यांनी पुन्हा हात लावला नाही. एकदाही नाही.

म्हणून तुम्ही सहज म्हणता 'चार रुपयांना मिळतो' तेव्हा मी फटकन काहीतरी बोलून जातो. तुमचं काही चुकत नाही. किंमत काढलीत की मला तो पूल आठवतो. हे प्रायश्चित्त वगैरे आहे असं मात्र समजू नका. तसं असतं तर चाळीस वर्षांत कधीतरी फिटलं असतं. आणि मिडियम वेव्हची केंद्रं देशात एकेक करून बंद होत चालली आहेत, ती सगळी गेल्यावर मी दगडावर काय ऐकणार, हा तुमचा पुढचा प्रश्न असतो. त्याला माझ्याकडे पळवाटसुद्धा नाही.

हे लिहिलेलं काल ताईला फोनवर वाचून दाखवलं. तिने शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाली, "टोकाला हात कसा लावतील? त्यांच्या हाताला कंप सुटला होता ना त्या वर्षांत. चहासुद्धा बशीत सांडायचा." मला हा कंप आठवत नाही. मग म्हणाली, "आणि हेडफोन त्यांच्या कानावर, वर्गात चाळीस पोरं. दगडाच्या सेटचं गाणं तुला बाहेरून ऐकू आलं कसं रे?"

नसणारच आलं. बरोबर आहे तिचं, क्रिस्टल सेट एवढा मोठा वाजत नाही.

पण 'दीड रुपया' तर मीच बोललो होतो.