काकाची गाणी नको असलेला गिटारवाला

'द आर्टफुल एस्केप' हा व्हिडिओ गेम रविवारी दुपारी सुरू केला आणि रात्रीच्या जेवणाआधी संपलासुद्धा. लांबला असता तर मजा गेली असती.

फ्रान्सिस व्हेंडेटी हा कोलोरॅडोतल्या कॅलिप्सो नावाच्या काल्पनिक गावचा पोरगा. त्याचा काका नावाजलेला लोकगायक. पुतण्यानंही तीच गाणी, त्याच थाटात म्हणावीत, अशी सगळ्यांची अपेक्षा. पोराच्या डोक्यात मात्र इलेक्ट्रिक गिटार आणि अंतराळ! आमचे आजोबा कीर्तन करायचे. "आजोबांसारखा आवाज लावून दाखव" हे ऐकतच मी वाढले, त्यामुळे फ्रान्सिसची घुसमट मला लगेच कळली.

एक बटण दाबून धरलं की तो पळता पळता गिटार छेडू लागतो, आणि भोवतालचं रंगीबेरंगी जग त्या सुरांनी उजळत जातं. मधे अवाढव्य परग्रहवासी भेटतात. ते सूर दाखवतात, आपण तेच परत वाजवायचे. चुकलं तर पुन्हा वाजवा, शिक्षा काही नाही. 'मग यात आव्हान काय?' असं माझा भाऊ म्हणतो. मला ते अजिबात पटत नाही. मोकळेपणानं वाजवायला शिकवणाऱ्या खेळात हरण्याची भीती कशाला हवी?

2021 साली आलेला हा गेम मेलबर्नच्या जॉनी गॅल्व्हाट्रॉननं घडवला. तो स्वतः रॉक बँडमध्ये गायचा, वाजवायचा. स्टेजसाठी फ्रान्सिसचं नवं नाव, नवा पोशाखही आपणच ठरवायचा. त्या पडद्यावर मी फार वेळ रमले.