मुंबई ते लंडन साडेपाच तास? माझा अनुभव

मे महिन्यात मुलाकडे लंडनला जायचं ठरलं. पासपोर्ट, व्हिसा सगळं सुरळीत झालं. अडलं ते एका प्रश्नावर: विमानात नक्की किती तास?

विचारलं होतं आमच्या डॉक्टरांनी. ह्यांना रात्री साडेआठला, जेवणाआधी इन्सुलिन लागतं. तिकीट काढून देणारा म्हणाला, "काकू, दीडला सुटतं, सातला पोचतं. साडेपाच तास." मला पटेना. नणंद दुबईला जाते तेच तीन तास लागतात! दुकानात पुन्हा गेले, तेच उत्तर. तिसऱ्यांदा फोन केला तर, "तिकिटावर छापलंय ना, काकू." फार राग आला. त्याचं खरं मानलं तर इन्सुलिन मुलाच्या घरी पाटावर बसून घ्यायचं, नाहीतर ऐन आकाशात. जोखीम ह्यांच्या जिवाची, आणि त्याला ते ऐकूनच घ्यायचं नव्हतं.

शेवटी माळ्यावरून मुलाचा जुना पृथ्वीगोल काढला. मुंबईपासून लंडनपर्यंत दोरा ताणला आणि तोच विषुववृत्तावर धरला. ४०,००० किलोमीटरच्या त्या वर्तुळाचा पाचवा हिस्साही भरला नाही. अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर. विमानाचा वेग ताशी ९०० धरला तरी आठ तास झालेच. वर धावपट्टीपर्यंतची रांग, चढणं-उतरणं, वळसे आणि पश्चिमेकडे जाताना समोरून येणारा वारा.

मग घड्याळाचं कोडं सुटलं. तिकिटावर सुटायची वेळ मुंबईची असते, पोचायची लंडनची. उन्हाळ्यात लंडन आपल्यापेक्षा साडेचार तास मागे. साडेपाच आणि साडेचार, दहा तास! तिकिटाच्या दुसऱ्या पानावर बारीक अक्षरांत तेच छापलेलं निघालं. ते पान मी दुकानात नेऊन त्याच्यासमोर ठेवलं.

डॉक्टरांनी दहा तास धरून वेळा लिहून दिल्या. त्या इथे देत नाही, ज्याच्या त्याच्या डॉक्टरांनीच ठरवाव्यात. इन्सुलिन मात्र हातातल्या पिशवीतच ठेवा, खाली सामानात गोठू शकतं. सोबत डॉक्टरांची चिठ्ठी हवी.

आणि नाशिककरांनी तास घरापासून मोजावेत. आम्ही सकाळी सहाला इंदिरानगरहून निघालो, कसारा घाट, भिवंडीची गर्दी, विमानतळावर पोचायला साडेदहा. लंडनला उतरलो तेव्हा आपल्याकडे रात्रीचे साडेअकरा. साडेसतरा तास झाले होते.

हो, परतीचा हिशेब वेगळा करा. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिकडची घड्याळं तासभर मागे जातात, फरक साडेपाचचा होतो. आमचं परतीचं तिकीट नोव्हेंबरचं: रात्री नऊला सुटून दुसऱ्या दिवशी साडेअकराला मुंबई. दिसतात साडेचौदा तास, असतात नऊ. येताना वारा पाठीशी असतो.

ह्यांचं मनगटी घड्याळ मी जाताना बदलू दिलं नाही. त्यात साडेआठ वाजले तेव्हा खाली ढग होते, आणि हवाई सुंदरीला आधी सांगून ठेवल्यामुळे ह्यांचं ताट वेळेवर समोर आलं.