सॅट्रियानीचा ‘सर्फिंग विथ द एलियन’ गिटारवर: आता मुक्काम संथ गाण्यावर

मंडळी, अमेरिकन गिटारवादक जो सॅट्रियानीचा 1987 चा हा अल्बम मी गिटारवर बसवतोय, ती खटपट थोडी पुढे सरकली आहे. शीर्षकगीताची मुख्य धून आणि ‘सॅच बूगी’चा सुरुवातीचा रिफ (पुन्हा पुन्हा येणारा छोटा तुकडा) बॅकिंग ट्रॅकबरोबर, म्हणजे साथीच्या तयार रेकॉर्डिंगबरोबर, पूर्ण वेगात बसलाय. शीर्षकगीताचा सोलो अजून 80 टक्के वेगावर रेंगाळतोय, रेंगाळू दे.

या खेपेला सगळा वेळ घेतला तो ‘ऑलवेज विथ मी, ऑलवेज विथ यू’नं. अल्बममधलं सगळ्यात अवघड गाणं हेच, असं माझं ठाम मत झालंय. साथीचे अर्पेजिओ (कॉर्डचे स्वर एकेक करून वाजवणं) करंगळीचा घाम काढतात. बोटं बरीच ताणायची, तळव्यानं तारा दाबून ठेवायच्या आणि तरी प्रत्येक स्वर वेगळा ऐकू आला पाहिजे. पण खरी परीक्षा धुनेत आहे. उजव्या हाताला काम कमी, डाव्या हाताचा लीगॅटो, म्हणजे तार दरवेळी न छेडता जोडून काढलेले स्वर, सगळं बोलतो. लांब स्वरावर व्हायब्रेटो (बोटानं तार हलवून दिलेलं कंपन) कधी सुरू करायचा यावरच गाणं उभं आहे. लगेच हलवला की स्वर घाबरल्यासारखा वाटतो. मी आता धून आधी गुणगुणतो, श्वास कुठे घेतला ते बघतो आणि मगच वाजवतो. शाळकरी वाटेल, पण फरक रेकॉर्डिंगमध्ये कळतो.

मधल्या भागात सॅट्रियानी बी मेजरवरून बी मायनरवर जातो. त्याच्या ‘पिच ॲक्सिस’ विचाराची ही सोपी ओळख: षड्ज तोच, थाट बदलला. ‘सॅच बूगी’च्या टॅपिंगमध्ये (बोटं तारेवर आपटून स्वर काढणं) हेच जास्त उघडपणे दिसतं. पाचवी, ‘ए’ स्वराची तार मोकळी वाजत राहते आणि तिच्याचवर दोन्ही हातांनी आकृत्या बदलत जातात. तो भाग मी स्वरांची यादी पाठ करून नव्हे, तर मोकळ्या ‘ए’कडे कान ठेवून शिकतोय. हाताला वाट सापडायला लागली आहे.

टोनच्या मागे लागणं मात्र सोडून दिलं. शीर्षकगीताचा आवाज वा-वा पेडल, ट्यूब ड्रायव्हर (डिस्टॉर्शनचं, म्हणजे आवाज खरखरीत करणारं पेडल) आणि हार्मोनायझर (स्वराची उंची बदलून मिसळणारं यंत्र) यांतून आला. सॅट्रियानीनंच सांगितलंय की धून आणि सोलो झाल्यावर हार्मोनायझर बंद पडला, आणि दुरुस्त झाल्यावर तो आवाज पुन्हा मिळेना. मग त्यानं आणि सहनिर्माता जॉन कुनिबर्टीनं तो टेक तसाच ठेवला. सॅन फ्रान्सिस्कोच्या हाइड स्ट्रीट स्टुडिओत बसलेल्या त्या दोघांना जो आवाज पुन्हा जमला नाही, तो माझ्या दहा वॉटच्या अँपमधून काय निघणार! डिस्टॉर्शन कमी केलं, मिड्स (मधल्या पट्टीचे आवाज) वाढवले, बस्स. उलट डिस्टॉर्शन कमी असल्यानं पुल-ऑफ (बोट तारेवरून ओढून काढलेला स्वर) दुबळा पडला की लगेच कळतं.

एक मात्र पुन्हा पुन्हा नवल वाटतं. गायक नाही, बऱ्याच ठिकाणी ड्रम मशीन, तरी अल्बम बिलबोर्डच्या यादीत 29 व्या क्रमांकापर्यंत गेला. धून गाता येते म्हणूनच, दुसरं काय!

पुढचा नंबर ‘मिडनाइट’चा. दोन्ही हातांचं टॅपिंग, त्यामुळे मोकळ्या तारांची कुरकुर थांबवायला नटजवळ (मानेच्या टोकाशी तारा टेकतात ती पट्टी) केसांचा रबर अडकवून ठेवलाय. ‘क्रशिंग डे’ला सध्या हात लावणार नाही. कुणी ‘मिडनाइट’ नखं वाढलेली असताना वाजवलंय का? माझी टॅप करताना तारेवर घसरतायत, आणि ती कापायची तर पुढच्या आठवड्यातल्या अकूस्टिकच्या कार्यक्रमाची पंचाईत होते, तिथं तारा नखांनीच छेडायच्या आहेत.