दोन कॉइल, चार टोकं: उद्यमनगरातली आमची वाटचाल

कोल्हापुरात उद्यमनगरातल्या आमच्या गाडीच्या साउंड सिस्टीमच्या गाळ्यात पहिल्यापासून एक नियम आहे: तपासून, मीटर लावल्याशिवाय सबवूफर, म्हणजे खर्जाचा मोठा स्पीकर, पेटीत बसत नाही. नियम घालून दिला आमच्या पहिल्या भागीदारांनी. ते मूळचे रेडिओ दुरुस्तीतले. आमच्या सबमध्ये दोन कॉइल, म्हणजे तारेच्या गुंडाळ्या, असतात आणि प्रत्येकीला दोन टोकं. 1.5 व्होल्टचा सेल कॉइलला क्षणभर टेकवायचे. कोन, म्हणजे स्पीकरचा पुढे-मागे हलणारा पडदा, बाहेर आला की सेलचा प्लस लागला त्या टोकाला लाल खूण. दोन्ही कॉइलच्या खुणा झाल्याशिवाय सोल्डरिंग गन हातात घेत नसत. कारण एक कॉइल उलटी जोडली गेली, की दोघी एकमेकींना अडवतात. कोन हलत नाही, आवाज नाही, करंट मात्र वाहतो आणि कॉइल जळते.

बाकी वर्षं नीट गेली. शटर कायमचं ओढायची पाळी आली ती शेजारी नवं दुकान आल्यावर. "तोच अँप (अँप्लिफायर), तोच सब, आवाज दुप्पट" ही त्यांची बोली. करायचे काय, तर ड्युअल 4 ओहमच्या, म्हणजे 4-4 ओहम रोधाच्या दोन कॉइलच्या, सबच्या दोन्ही कॉइल पॅरलल (प्लसला प्लस, मायनसला मायनस), म्हणजे 2 ओहम, आणि तो लोड ब्रिज केलेल्या, म्हणजे दोन्ही चॅनल मिळून एकच सब चालवणाऱ्या, दोन चॅनलच्या अँपवर. अँपवर 2 ओहम छापलेलं असतं ते एकेका चॅनलसाठी. ब्रिजला किमान 4 लागतात. ब्रिजमध्ये प्रत्येक चॅनलला लोड निम्माच दिसतो, 2 चा 1 होतो. चार दिवस दणदणीत वाजतं, मग प्रोटेक्टचा दिवा, मग आउटपुट ट्रान्झिस्टर शॉर्ट. अँपचं बिल आमचं, वायरिंग त्यांचं, आणि जळका अँप घेऊन गिऱ्हाईक आमच्या दारात! कंपनीने वॉरंटी नाकारली, घाऊक व्यापाऱ्याने उधारी तोडली, बाजारात नाव गेलं ते आमचं. तो सल अजून आहे.

त्या दिवसांत एक वडापवाले (शेअर जीप चालवणारे) मामा आमच्याकडेच येत राहिले, वर स्टँडवरचे चार ड्रायव्हर घेऊन आले. त्यांच्या जीपमध्ये ड्युअल 4 चे दोन सब होते. एकेका सबच्या कॉइल सिरीजमध्ये, पहिलीचा मायनस दुसरीच्या प्लसला: 8 ओहम. मग दोन्ही सब पॅरलल: 4. अँप तोच, ब्रिजमध्येच. अँपकडची वायर सोडवून मीटर लावला की साधारण साडेतीन दाखवतो. मीटर दाखवतो तो डीसी रेझिस्टन्स छापील आकड्यापेक्षा कमीच असतो. सातच्या आसपास आला तर एका सबची वायर किंवा कॉइल तुटलेली. दीड दिसला तर एका सबच्या कॉइल पॅरलल झाल्यात. एकच्या खाली गेला तर दोन्हींच्या.

नव्याने धंद्यात येणाऱ्यांनी ऐकावं: आधी अँपचा किमान ओहम वाचा, मग सब विका. 1 ओहमवर चालणारा मोनोब्लॉक (एकाच चॅनलचा अँप) असेल तर ड्युअल 2 चा सब द्या, कॉइल पॅरलल. ब्रिजला 4 हवेत तर त्याच सबच्या कॉइल सिरीज. ड्युअल 4 च्या एकट्या सबमधून 4 ओहम काढायला एकच कॉइल जोडू नका. सब जेमतेम निम्मी पॉवर सोसतो. तरी कोणी जोडलीच, तर मोकळ्या कॉइलची टोकं एकमेकांना लावू नका, कोनाला ब्रेक लागतो. पिळून टेप मारलेले जोड जीपच्या हादऱ्याने सुटतात, सोल्डर करा. बॅटरीची वायर पूर्ण तांब्याची घ्या, फ्यूज बॅटरीला लागूनच. आणि पेटीच्या आत मार्करने ओहम आणि जोडणी लिहून ठेवा, म्हणजे पुढे कोणी हात घातला तरी कळतं की वायरिंग कोणाचं.