मांजराला कळलं, ब्रेकरला नाही: केझिक ते होली आयलंड, कॅरव्हॅनने सहा दिवस

पहिल्या मुक्कामाच्या सकाळी लेकीने मला हलवून उठवलं. "बाबा, आपल्या खाली मांजर झोपलंय." बाहेर रात्रभराचा पाऊस अजून रिपरिपत होता. शेजारच्या कॅरव्हॅनवाल्यांचं करडं मांजर आमच्या कॅरव्हॅनखाली केबलच्या पिशवीवर मुटकुळं करून पडलं होतं. (मांजर घेऊन सहलीला जाणारे लोक असतात, हेही मला तेव्हाच कळलं.) एवढी कोरडी जागा सोडून नेमकं तिथेच का, म्हणून वाकून पिशवीला हात लावला, तर ती गरम. कोमट नव्हे, नुकत्याच इस्त्री केलेल्या कपड्यांच्या गठ्ठ्यासारखी गरम.

ही आमची पहिलीच कॅरव्हॅन सहल. कॅरव्हॅन (गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर) मित्राची, गाडी आमची. ईस्टरची सुट्टी होती आणि बेत उत्तर इंग्लंडचा होता: लेक डिस्ट्रिक्टमध्ये केझिक, मग रोमनांनी बांधलेली हॅड्रियनची भिंत, शेवटी नॉर्थम्बरलंडचा समुद्रकिनारा. निघण्यापूर्वी मी टो बारची (गाडीला कॅरव्हॅन जोडायच्या दांड्याची) जोडणी, टायरची हवा, गॅसची टाकी सगळं दोन-दोनदा तपासलं. तळावरच्या खांबापासून कॅरव्हॅनला वीज आणणाऱ्या केबलकडे बघितलंही नाही. वायर ती वायर, त्यात काय बघायचं?

रस्त्याबद्दल थोडक्यात सांगतो. कॅरव्हॅन ओढताना मोटरवेवर आणि ड्युअल कॅरेजवेवर (मधे दुभाजक असलेल्या रस्त्यावर) ताशी ६० मैल, साध्या रस्त्यावर ५० मैल ही मर्यादा आहे, आणि तीन लेनच्या मोटरवेवर सगळ्यात उजव्या लेनमध्ये जायचं नाही. केझिकला जायला एम ६ मोटरवेवरून जंक्शन ४० ला, म्हणजे पेनरिथला उतरायचं आणि ए ६६ धरायचा. रस्ता रुंद आहे, नवख्यालाही जमतो. केझिकच्या दक्षिणेला बॉरोडेलच्या दरीत मात्र कॅरव्हॅन जपून न्या. रस्ता अरुंद होत जातो, आणि पुढच्या हॉनिस्टर खिंडीत चारास एक चढ आहे. तिकडे कॅरव्हॅन तळावर सोडून नुसत्या गाडीने जा. याच दरीच्या वरच्या टोकाला सीथवेट नावाची वस्ती आहे. वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, इंग्लंडमधली सर्वांत ओली वस्ती म्हणून ती ओळखली जाते. तिथून आठ-दहा मैलांवर मुक्काम करायचा आणि पाऊस नको म्हणायचं, हे काही चालत नाही.

तर आम्ही पोचलो तो संध्याकाळी, पावसात. आमच्या जागेपासून विजेचा बुटका खांब जेमतेम सहा-सात मीटरवर होता. ब्रिटनमध्ये कॅरव्हॅनची केबल साधारण २५ मीटर लांब, नारिंगी रंगाची, दोन्ही टोकांना निळे जाड प्लग असलेली असते, एका टोकाला तीन पिना, दुसऱ्याला तीन भोकं. मी लागेल तेवढी ओढून घेतली आणि उरलेली १८ मीटर पिशवीतच राहू दिली. ओलं गवत, अंधार, बायको आत चहाची वाट बघतेय. उरलेलं वेटोळं पिशवीसकट कॅरव्हॅनखाली सरकवलं, पावसापासून जपल्याच्या समाधानात. आत ब्लोअर हीटर दोन किलोवॅटवर, पाणी तापवायची टाकी चालू, फ्रिज चालू.

सकाळी खाली डोकावलेल्या शेजारच्या आजोबांनी पिशवी उघडायला लावली. आतली वेटोळी मऊ पडली होती, एकमेकांवर दाबलेल्या ठिकाणी चपटी झाली होती. आजोबा काही बोलले नाहीत, फक्त आधी खांबाकडे बोट दाखवलं: तिथलं काढ. मग मांजराला उचलून घेऊन गेले.

नंतर मी कागद-पेन घेऊन बसलो, कारण माझा पहिला प्रश्न होता की ब्रेकर का पडला नाही. हिशोब सोपा निघाला. अडीच चौरस मिलिमीटरच्या लवचीक तांब्याच्या तारेचा रोध मीटरला साधारण ०.००८ ओहम. पिशवीत १८ मीटर केबल, म्हणजे जाणारी आणि येणारी मिळून ३६ मीटर तार, रोध ०.२९ ओहमच्या घरात. आमचा भार सगळा मिळून तीन किलोवॅट, २३० व्होल्टला १३ अँपिअर. प्रवाहाचा वर्ग गुणिले रोध केलं की सुमारे ५० वॅट येतात. तेवढीच उष्णता लांब पसरलेल्या केबलमध्ये असती तर मीटरला तीनेक वॅट, थंड हवेत कुठच्या कुठे गेली असती. मी मात्र ५० वॅटचा जुन्या पद्धतीचा तापणारा बल्ब पिशवीत गुंडाळून रात्रभर लावून ठेवला होता. साध्या पीव्हीसी आवरणाची मर्यादा ७० अंश सेल्सिअस असते. पिशवीच्या आत, वेटोळ्याच्या मध्यात किती होतं ते मांजरालाच विचारावं लागेल.

आणि ब्रेकर पडणार तरी का? खांबावरचा ब्रेकर १६ अँपिअरचा, वाहत होते १३. त्याच्या दृष्टीने सगळं आलबेल. आरसीडी, म्हणजे विजेची गळती झाली की वीज तोडणारा स्विच, तीही गप्प राहणार, कारण ती पकडते गळती, साधारण ३० मिलिअँपिअरची, आणि इथे गळती नव्हती, फक्त गरमी होती. केबल सरळ पडलीय की पिशवीत कोंबलीय, हे या दोघांपैकी कुणालाच कळत नाही. आपण सुरक्षेची सगळी भिस्त ज्या पेटीवर टाकून झोपतो, तिला ही एकच गोष्ट दिसत नाही. ड्रमवर गुंडाळलेल्या केबलचंही असंच. कित्येक ड्रमवर दोन आकडे छापलेले असतात, गुंडाळलेल्या स्थितीत किती वॅट आणि पूर्ण उलगडून किती. पहिला आकडा दुसऱ्याच्या जवळपासही नसतो.

म्हणून केबल पूर्ण उलगडा. खांब हाताच्या अंतरावर असला तरी. उरलेली लांबी कॅरव्हॅनखाली सैल नागमोडी पसरायची, वळण वळणावर पडू द्यायचं नाही. बायकोने त्या दिवसापासून केबलचं नाव 'अजगर' ठेवलं, आणि "अजगर सोडलास का?" हा आमच्या प्रत्येक मुक्कामाचा पहिला प्रश्न झाला.

त्याच दुपारी, पाऊस थांबल्यावर, आजोबांनी जोडण्याचा क्रमही करून दाखवला. मी आदल्या रात्री नेमका उलटा केला होता, आधी खांबाला आणि मग जिवंत टोक हातात धरून ओल्या गवतातून कॅरव्हॅनकडे. करायचं ते असं: आत सगळी उपकरणं आणि मुख्य स्विच बंद. भोकांचं टोक आधी कॅरव्हॅनला, झाकण नीट खटकन बसेपर्यंत. मग पिनांचं टोक खांबाला. काही खांबांवर प्लग दाबून उजवीकडे फिरवला की वीज सुरू होते आणि काढताना लाल बटण दाबावं लागतं. जबरदस्ती ओढाओढी करू नका. त्यानंतर आत येऊन मुख्य स्विच, आरसीडीचं टेस्ट बटण दाबून ती पडते का बघायचं, पडली तर पुन्हा वर. निघताना बरोबर उलटं, पहिला सुटतो तो खांब. थोडक्यात, केबल उचलून चालताना ती कधीच जिवंत नसावी. ते निळे प्लग साधारणपणे शिंतोड्यांपुरते सुरक्षित असतात, डबक्यात पडण्यासाठी नसतात. म्हणून केबल खांबाकडे चढताना थोडी खाली लोंबू द्यायची, म्हणजे पाणी तिच्यावरून ओघळून प्लगमध्ये न जाता खालीच टपकतं.

केझिकला दोन दिवस राहिलो. कॅसलरिगचं दगडी वर्तुळ गावापासून जवळ आहे, सकाळी लवकर गेलात तर मेंढ्यांशिवाय कुणी नसतं. डर्वेंटवॉटरच्या काठाने चालण्याची वाट सपाट आहे. पाऊस? होताच.

दुसरा मुक्काम हॅड्रियनच्या भिंतीजवळ. पेनरिथहून एम ६ ने उत्तरेला कार्लाइल, तिथून जंक्शन ४३ ला ए ६९. भिंतीलगतच्या बी ६३१८ रस्त्यावर चढउतारांच्या खळग्यांत समोरची गाडी दिसेनाशी होते, म्हणून कॅरव्हॅन घेऊन शक्य तेवढं ए ६९ वरच राहिलो. भिंतीचं काम सुरू झालं इसवी सन १२२ मध्ये, लांबी ७३ मैल. हाउसस्टेड्सच्या किल्ल्यावर वारा इतका की लेकीची टोपी स्कॉटलंडच्या दिशेने गेली आणि परत आली नाही.

इथला तळ जुना. खांब १० अँपिअरचा, म्हणजे २,३०० वॅट, संपलं. घरची नेहमीची किटली एकटीच तेवढं पिते. मी हीटर आणि पाण्याची टाकी चालू असताना किटली लावली आणि मिनिटभरात अंधार. खांबाची पेटी कुलूपबंद, तळाचे व्यवस्थापक येईपर्यंत जॅकेट घालून बसलो. तळ निवडताना किती अँपिअर ते आधीच विचारा, आणि कमी वॅटची, हजाराच्या आतली किटली बरोबर ठेवा. हीटर दोन किलोवॅटऐवजी एकवर चालवायचा किंवा गॅसवर. चहाला पाच मिनिटं जास्त लागतात, एवढंच.

याच तळावर दुसरी चूक होता होता राहिली. ऑनिंगच्या (कॅरव्हॅनला जोडून उभारायच्या कापडी मांडवाच्या) खुंट्या ठोकताना बायकोने ओरडून हात थांबवला, कारण गवतात केबल होती आणि तिच्यापासून पोलादी खुंटी वीतभरावर. गवतात नारिंगी रंग दिसतो म्हणतात, पण वाकून हातोडा मारणाऱ्याला तो दिसत नाही. तेव्हापासून आधी ऑनिंग, मग केबल. आणि केबल जागेच्या कडेने, गाडीच्या चाकांच्या वाटेत नाही, माणसांच्या पायवाटेत नाही, गवत कापायच्या यंत्राच्या टप्प्यात नाही. खांब फार लांब असला तर दोन केबली मधे जोडू नका. मधला सांधा नेमका सगळ्यात ओल्या जागी पडतो. खांबाजवळची जागा मागून घ्या.

तिसरा मुक्काम समुद्राजवळ, बॅमबरोच्या दक्षिणेला. होली आयलंडला जाणारा रस्ता दिवसातून दोनदा भरतीखाली जातो. सुरक्षित वेळा रस्त्याच्या दोन्ही टोकांना लिहिलेल्या असतात, त्या बघूनच निघा आणि कॅरव्हॅन तळावरच ठेवा. वाटेत खांबांवर उभी केलेली पांढरी खोली दिसते, ती वेळा न बघणाऱ्यांसाठी. लेकीला बेटापेक्षा ती खोली जास्त आवडली.

आता केबल परत ठेवण्याबद्दल, कारण पुढच्या सहलीची गडबड इथेच सुरू होते. आम्हाला मिळालेली केबल पुढच्या खणात, गॅसच्या टाकीला टेकवून, कोपर आणि अंगठ्यात गुंडाळून ठेवलेली होती. तीन चुका एका खणात. कोपरात गुंडाळली की प्रत्येक फेऱ्याला एक पीळ पडतो, आणि पुढच्या वेळी उलगडताना गाठी. त्याऐवजी मोठी, हातभर रुंदीची वेटोळी, एक फेरा वरून आणि पुढचा आतून उलटा, म्हणजे पीळ आपोआप फिटतो. सुरुवात कॅरव्हॅनच्या टोकापासून, दुसरं टोक मोकळं, हवं तसं फिरू द्यायचं. एका हातात कोरडं फडकं, केबल त्यातून ओढत गुंडाळायची. चिखलही निघतो आणि बोटांना कापलेली जागा कळते, जी डोळ्यांना कधीच दिसत नाही. थंडीत पीव्हीसी ताठ होतं, तेव्हा घट्ट वाकवू नका. रबरी आवरणाची केबल अशा वेळी बरी वागते. बांधायला वेल्क्रोचा पट्टा, तार किंवा घट्ट दोरी नाही.

गॅसच्या खणाच्या तळाला हवेची भोकं असतात. एलपीजी हवेपेक्षा जड, गळला तर तिथूनच बाहेर पडायचा. त्यावर केबलची पिशवी बसली की भोकं बंद. शिवाय तिथे टाकीच्या कडा आणि जॅक फिरवायचा दांडा केबलला घासत असतात. आम्ही ती पलंगाखालच्या खणात, जाळीच्या पिशवीत हलवली. ओली केबल बंद पिशवीत महिनाभर राहिली तर पिनांवर हिरवट थर चढतो, सांध्याचा रोध वाढतो आणि मग केबल नाही, प्लगच तापतो. पिना काळवंडल्या असतील, प्लगचं प्लास्टिक तपकिरी झालं असेल, किंवा आवरण प्लगमधून सरकून आतल्या तपकिरी, निळ्या, हिरव्या-पिवळ्या तारा दिसत असतील, तर ती केबल वापरायची नाही. चिकटपट्टी गुंडाळून तर नाहीच.

मित्राला मी नवी केबल घेऊन दिली. तो म्हणाला, कशाला, जुनी चालली असती. चपटी झालेली वेटोळी दाखवल्यावर गप्प बसला. जुनी टाकण्याआधी दोन्ही टोकांचे प्लग कापून काढले, नाहीतर कुणीतरी चांगली दिसते म्हणून उचलून नेली असती.