मीटरवरचं शून्य

आमच्या आयटीआयच्या इलेक्ट्रिशियन ट्रेडला एक शिकवणारं सॉफ्टवेअर आलं. पडद्यावर डीओएल स्टार्टरचं, म्हणजे मोटर थेट सप्लायवर चालू-बंद करणाऱ्या उपकरणाचं पॅनल, त्यात दडवलेला बिघाड, आणि पोरांनी माउसने मीटरचे प्रोब लावून तो हुडकायचा. खरं सांगतो, मला ते खेळणंच वाटलं होतं.

एका पोराबद्दल माझं मत पक्कं होतं: हात चांगला, लक्ष ठिकाणावर नाही. वर्कशॉपमध्ये त्याने दोनदा धडधाकट ओव्हरलोड रिले (मोटरवर जास्त लोड आला की सर्किट तोडणारा भाग) काढून ठेवले होते आणि दोन्ही वेळा माझा ओरडा खाल्ला होता. त्या दिवशी पडद्यावरही तेच. बिघाड स्टॉप बटणात, ह्याने दोष दिला रिलेला. मी उठणार, तेवढ्यात मराठीतच प्रश्न उमटला: "आधीच्या दोन पॅनलवरही शून्य रीडिंगचाच भाग तू बदललास. सप्लाय चालू असताना, क्लोज असलेल्या काँटॅक्टच्या दोन टोकांत किती व्होल्ट मिळतील?"

पोराने बिनधास्त टाइप केलं, २४०.

मी मागे उभा राहून त्याची रीडिंग पाहिली. स्टार्ट दाबून धरल्यावर रिलेच्या काँटॅक्टच्या ९५-९६ नंबरच्या टोकांत शून्य, स्टॉपच्या दोन टोकांत २४०. त्याचा हिशेब सरळ होता: २४० म्हणजे सप्लाय येतोय, शून्य म्हणजे पार्ट गेला. अहो, काँटॅक्ट जुळलेला असेल तर मीटर फरक कसला दाखवणार? जिथे तुटलंय तिथेच सगळे २४० उभे राहतात. पोरगं आपल्या नियमाने अगदी नेटकं चाललं होतं, नियमच उलटा होता. आणि मी दोनदा ओरडलो, पण "रिलेच का काढलास?" हे एकदाही विचारलं नव्हतं.

(घेतलेल्या मापांशी शिकणाऱ्याचा अंदाज ताडून बघायची युक्ती जुनी आहे. अमेरिकेत ब्राऊन आणि बर्टन यांचा 'सोफी' प्रोग्रॅम १९७०च्या दशकातच पॉवर सप्लायच्या बिघाडांवर हे करत होता. मला हे नंतर कळलं.)

सॉफ्टवेअरचं कौतुक इथवरच. पोराने मदतीचं बटण चार वेळा दाबलं, उत्तर मिळवलं, शून्य टाकलं आणि पुढे निघाला. डोक्यात काही शिरलं नव्हतं.

त्याला उठवून दिव्याच्या बोर्डापाशी नेलं. प्रोब स्विचच्या दोन टोकांना लावले. मीटरवर २३८.

"आता ऑन कर."

दिवा लागला, मीटर शून्यावर आला. त्याने ऑफ केला, पुन्हा ऑन. असं पाच-सहा वेळा.

"सर, म्हणजे तो रिले..."

"चांगला होता."

"दोन्ही?"

"दोन्ही."